फोन लाव मोटारीले

माझ्या धंद्यात भूत नसतं, फॉल्ट असतो. अकोल्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्याला एकतीस वर्षं झाली. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की बाबा, अमुक कारणानं जळाली. कारण नसताना जळालेली मोटर मी आजवर पाहिलेली नाही. त्यामुळे भुताखेतांचे अनुभव वाचून मी बायकोसमोर खो-खो हसायचो. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... "याईले कोणी अर्थिंग द्या," असं म्हणायचो. आता मीच लिहायला बसलोय. हसणाऱ्यांनी खुशाल हसून घ्यावं.

आधी माझी कामाची पद्धत सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला.

आमच्याकडे शेतातली मोटर बिघडली की शेतकरी आधी फोन करतो. विहिरीतून मोटर काढायची म्हणजे चार माणसं, दोर, ट्रॅक्टर आणि अर्धा दिवस. म्हणून मी म्हणतो, "फोन लाव मोटारीले." तो फोन मोटारीजवळ धरतो आणि मी इकडे दुकानात बसून ऐकतो. एक फेज गेला असेल तर मोटर नुसती घुमते. पाणी खाली गेलं असेल तर कोरडी चालल्याचा आवाज वेगळा, बेअरिंग गेलं असेल तर वेगळा. शंभरात पंच्याण्णव वेळा माझं निदान बरोबर निघतं. ही बढाई नाही, मूर्तिजापूरपासून बाळापूरपर्यंत कोणालाही विचारा. फोन मी कायम स्पीकरवर ठेवतो, कारण हात वॉर्निशनं भरलेले असतात. वाजला की उघड्या कोपरानं बटण सरकवायचं आणि बोलायचं. कोणाचा फोन आहे, हे मी पाहतच नाही. हंगामात सगळे विहिरीवरचेच असतात.

माझी मुलगी केतकी मुंबईला नोकरी करते. एकुलती एक. लहानपणी शाळा सुटली की दुकानातच दप्तर टाकायची आणि स्टुलावर बसून माझं हे फोनवरचं निदान ऐकायची. नंतर तर मी बोलायच्या आत ओरडायची, "बेअरिंग!" आणि बहुतेक वेळा ते बेअरिंगच असायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अमरावतीला माझ्या साळ्याच्या मुलीचा साखरपुडा, आमच्याकडचं साक्षगंध, होता. बायको, सुनंदा, दोन दिवस आधीच माहेरी जाऊन बसली होती. केतकी दरवेळी रात्रीच्या गाडीनं येते, पण यंदा तिला सुट्टी कमी होती, म्हणून तिनं विमानाचं तिकीट काढलं. पहिल्यांदाच बसणार होती. छोटं जेट, दुपारी मुंबईहून निघून दीड वाजता अमरावतीला. मी दुकान सोडून जायला तयार नव्हतो. गहू-हरभऱ्याचं ओलित, म्हणजे पाणी देणं, चालू होतं आणि त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन दिवसा होती. म्हणजे सकाळी लाईन आली की दुपारपर्यंत तालुक्यातल्या अर्ध्या मोटारी जळणार, असा आमचा हिशेब. "संध्याकाळी येतो," म्हणालो. सुनंदा चिडली. केतकी मात्र आदल्या दिवशी फोनवर हसली होती, "राहू द्या बाबा, तुमी मोटारीसंगच साक्षगंध करा."

तर दुपारी पावणेएकच्या सुमाराला मी एका स्टेटरला, मोटारीच्या तार भरलेल्या कवचाला, वॉर्निश लावत होतो. समोर रफिकभाई बसले होते. त्यांचं शेजारी बेअरिंग आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पंचवीस वर्षांची दोस्ती. चहा घ्यायला आले होते. फोन वाजला. मी कोपरानं घेतला.

"हां, बोला."

कोणी बोललं नाही. नुसता आवाज... मोठा, भरलेला, घुमणारा. मी सवयीनं कान लावला. यंत्र एक नव्हतं, दोन होती. जोडविहिरीवर दोन मोटारी असतात तशी. त्यातली एक चांगली खेचत होती. दुसरीत खडखड होती, मधूनच किंचाळल्यासारखी धार लागत होती, मग दबत होती. मागे माणसांची कुजबुज आणि एका लेकराचं रडणं. वाटलं, विहिरीवर सगळं घरदार जमा झालंय.

"दोन मोटारी आहेत ना तिथं?" मी म्हणालो. "एकीचं बेअरिंग गेलं. पह्यले बंद कर ते."

काही वेळ गेला. खडखड कमी-कमी होत थांबली. मी खूश झालो. रफिकभाईंकडे पाहून मान हलवली.

"हां, अस्सं. आता दुसरी चांगली आहे. एकटी ओढते ते, घाबरू नको. लोड नको देऊ फक्त. हळूहळू जाऊ दे."

पलीकडून एक अक्षर नाही. माणूस निदान 'हो भाऊ' तरी म्हणतो! मी आणखी दोनदा विचारलं, कुठून बोलताय, नाव काय. ते लेकरू रडायचं थांबलं होतं, एवढंच कळलं. तेवढ्यात वॉर्निश डब्यातून सांडायला लागलं आणि माझं डोकं सरकलं.

"अबे बोल ना, मुका झाला का? मले इथं दहा कामं आहेत. ठेव फोन!"

आणि मीच ठेवला. कोपरानंच.

"कौन था?" रफिकभाईंनी विचारलं.

"असंल कोणी येडपट. फुकट सल्ला घेते अन् नाव बी सांगत नाई," मी म्हणालो. आम्ही चहा प्यालो. मी तो चहा चवीनं प्यालो, हे मला आजही आठवतं आणि स्वतःची शिसारी येते.

सव्वा वाजून गेल्यावर सुनंदाचा फोन आला. ती भावाबरोबर अमरावतीच्या विमानतळावर पोरीला घ्यायला गेली होती. रडत होती, आधी काही कळेचना.

"अवो, विमान येत नाई म्हणतात... काईतरी झालं म्हणतात..."

"लेट असंल. विमानं बी लेट होतात."

"लेट नाई वो! इथं एक जण आहे, त्याचा भाऊ मुंबईले विमानतळावरच कामाले आहे. तो म्हणते, विमानाचं एक इंजिन हवेतच बंद पडलं... साहेब लोक काईच सांगून नाई राहिले... तुमी या, तुमी इथं या..."

मी ब्रश खाली ठेवला. केतकीला लावावा म्हणून हात पुसून फोन हातात घेतला, आणि स्क्रीनवर आधीच्या फोनांची यादी उघडली. सगळ्यात वर सुनंदा. तिच्या खाली केतकी. आलेला फोन. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. घेतलेला. चार मिनिटं.

मला आधी अर्थच लागला नाही. केतकीचा फोन आज आलाच नव्हता. मी बोललोच नव्हतो तिच्याशी... आणि मग ती खडखड कानात आली. दोन यंत्रं, लेकराचं रडणं. मुका झाला का म्हणालो मी तिला. ठेव फोन म्हणालो.

मी त्या स्टेटरवरच बसलो, पँटला सगळं वॉर्निश लागलं. रफिकभाई धावत आले. मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी नाव वाचलं, वेळ वाचली, आणि त्यांचाही चेहरा उतरला. कारण त्यांनी तो आवाज ऐकला होता.

"केतकी होती ते," मी म्हणालो. "पोट्टीनं मले फोन केला, रफिकभाई. अन् म्या ठेवून देला."

"पहले उठो. गाडी काढतो मी."

केतकीचा फोन बंद. परत लावला, बंद. अमरावतीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तो किती वेळा लावला, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगायची आणि मी प्रत्येक वेळी ते पूर्ण ऐकायचो, न जाणो मध्येच पोरगी बोलेल.

बोरगाव मंजू गेलं. दोन्ही बाजूंना हरभरा, तुरीची उभी शेतं, तुषार सिंचनाचे फवारे फिरताहेत, ऊन छान पडलंय. मला त्या सगळ्याचा राग येत होता. मी काचेतून वर बघत होतो. काय दिसणार होतं? तरी बघत होतो. एक धुराची रेघ दिसली तर काय करायचं, हेही मनात येत होतं, आणि ती काडीकचरा जाळल्याची साधी रेघ निघाली तरी जीव जाणार, असं वाटत होतं.

"रफिकभाई, एक मोटर ओढते ना? एकटी ओढते ना?"

"ओढते भाऊ. तुमीच तर सांगतलं होतं."

"मले काय माहीत विमानाचं! मले विमानातलं ओ की ठो माहीत नाई!" मी ओरडलो. "म्या विहिरीवरची मोटर समजून सांगतलं..."

त्यांचे ओठ हलत होते, दुआ पढत होते. मी देवाचं कधी केलेलं नाही, त्यामुळे मागायचं कसं हेही येईना. मी नुसता म्हणत होतो, एकदा... एकदा फोन येऊ दे, मी ठेवणार नाही. कोणाला म्हणत होतो, कोण जाणे. माणूस मरताना आपल्याला फोन करतो आणि आपण त्याला वेड्यात काढतो. या पापाला कुठं जागा आहे? तिनं ऐकलं असेल का शेवटचं? "ठेव फोन" ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल? वीस मिनिटं माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती जाईल, यापेक्षा ती हे ऐकून जाईल, याचं जास्त वाटत होतं. बापाला असं वाटावं का? पण वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

मूर्तिजापूरच्या अलीकडे फोन वाजला. अनोळखी नंबर. मी दोन्ही हातांनी धरला. "केतकी? केतकी, बाबा बोलतो, बोल..."

"मधुभाऊ का? आपली मोटर लय गरम होऊन राहिली ना भाऊ, वास बी येऊन राहिला..."

तो फोन मी ठेवू शकलो नाही. फोन कानाला धरून मी लहान पोरासारखा हमसून-हमसून रडायला लागलो आणि तो बिचारा पलीकडून "भाऊ? ओ भाऊ?" करत राहिला. रफिकभाईंनी गाडी कडेला घेतली, माझ्या हातातून फोन काढला आणि त्याला सांगितलं, "मोटर बंद करा, नंतर फोन करा, घरात अडचण आहे."

गाडी तिथेच उभी होती, कडुलिंबाच्या झाडाखाली. मी बाहेर उतरून उकिडवा बसलो होतो. दोन वाजून गेले असतील. फोन रफिकभाईंच्याच हातात वाजला. त्यांनी कानाला लावला, आणि मी त्यांचं तोंड बघत होतो. ते आधी ऐकत राहिले. मग एकदम त्यांचा आवाज फुटला, "बेटा! कुठी आहेस तू? ...अल्ला, अल्ला... घे, घे, बाबासंग बोल."

"बाबा, मी आहे," केतकी म्हणाली. "नागपूरले उतरलो आमी. चांगली आहे मी. काकांना फोन दिला होता का तुमी?"

मी "हाव" म्हणालो. 

झालं होतं असं. मुंबईहून निघाल्यावर पाऊण तासानं एक इंजिन बिघडलं, ते वैमानिकानं बंद केलं आणि दुसऱ्या एकाच इंजिनावर विमान अमरावतीला न उतरवता, लांब धावपट्टी म्हणून नागपूरला नेलं. उतरल्यावर सगळ्यांना सामान आतच सोडून बाहेर काढलं. त्यामुळे केतकीची बॅग, आणि बॅगेतला फोन, विमानातच राहिला होता. ती एका सोबतच्या प्रवाशाच्या फोनवरून बोलत होती. आम्ही रस्त्यावर रडत होतो, तेव्हा ती केव्हाची जमिनीवर होती.

संध्याकाळी अमरावतीला साळ्याच्या घरी ती आली. सुनंदानं तिला धरलं ते सोडेचना. मी आपला दाराजवळ उभा. शेवटी मी विचारलं, "तू मले फोन केला होता ना? विमानातून?"

"कसा करीन बाबा? फोन फ्लाइट मोडवर होता. वरच्या कप्प्यात बॅगेत. अन् आमाले पट्टा बी काढू देत नव्हते."

दोन दिवसांनी तिची बॅग आली. तिच्यासमोरच मी फोन पाहिला. फ्लाइट मोड चालूच होता. त्या दिवशी सकाळी तिनं आईला केलेला फोन शेवटचा. त्यानंतर एकही नाही. मग मी फोन कंपनीच्या दुकानात जाऊन माझ्या नंबरची यादी काढली. बारा अठ्ठेचाळीसला कोणाचाच फोन नाही. माझ्या फोनमध्ये मात्र तो आहे, आजही आहे. काउंटरवरचा माणूस म्हणाला, फोनमध्येच गडबड असेल. असेल. मीही गिऱ्हाइकाला कधीकधी असंच सांगतो.

अजून एक आहे. गिऱ्हाईक नंतर नाकबूल होतात म्हणून माझ्या फोनवर रेकॉर्डिंग कायम चालू असतं. त्या कॉलचंही झालं. मी एकदाच ऐकलं, रफिकभाईंसोबत, दुकानाचं शटर अर्धं ओढून. त्यात यंत्राचा आवाज नाही. लेकरू नाही. नुसता मी आहे. थांबून-थांबून, कोणाला तरी सांगतोय... एकटी ओढते ते, घाबरू नको. आणि शेवटी ते ओरडणं. रफिकभाई म्हणाले, "मैंने सुना था, मधुभाऊ. कुराण की कसम, दो मशीनां चल रही थीं." एवढंच. मग उठून त्यांनी शटर वर केलं.

इथवर असतं तरी मी लिहिलं नसतं. म्हणालो असतो, फोन जुना, डोक्यात गेलेला वॉर्निशचा वास, दोन म्हाताऱ्यांचा भ्रम. पण मुंबईला परत जायच्या आदल्या दिवशी केतकी सकाळी माझ्यासोबत चहा घेत ओट्यावर बसली होती. रेल्वेचं तिकीट काढलं होतं. त्या विमानाबद्दल ती कोणाशी फारसं बोलली नव्हती, त्या दिवशी आपणहून बोलायला लागली.

"माह्या बाजूले दर्यापूरची एक ताई होती, बाबा. मांडीवर वर्षाचं लेकरू. खडखड सुरू झाली अन् विमान एका बाजूले कललं, तर ते ताई थरथर कापून राहिली. लेकरू रडून राहिलं. मी बी मेलीच होती भेवानं. पण काय माहीत कसं, माह्या तोंडातून तुमचंच बोलणं निघालं. म्या म्हटलं, ताई, दोन मोटारी आहेत. एकीचं बेअरिंग गेलं, ते बंद करतीन. अन् खरंच बंद झाली! मंग म्या म्हटलं, दुसरी चांगली आहे, एकटी ओढते ते. घाबरू नको. लोड द्यायचा नाई फक्त, हळूहळू नेतीन. मले हसू बी येऊन राहिलं होतं. लेकरू चूप झालं माह्याकडे पाहून."

मी कप खाली ठेवला.

आता यालाही कारण आहे, मी मान्य करतो. लहानपणापासून तिनं माझं हेच ऐकलं. संकटात माणसाला पाठ असलेलं आठवतं. वेळही कदाचित जुळली नसेल, तिनं काही घड्याळ पाहिलं नव्हतं. असं मी स्वतःला बजावत होतो आणि तरी मला विचारायचं नव्हतं ते मी विचारलं.

"मंग? मंग काय सांगतलं तिले?"

"मंग काईच नाई," केतकी म्हणाली. "तेच तर समजत नाई मले. चांगली बोलून राहिली होती मी, अन् एकाएकी सगळं आटलं. एक शब्द आठवे ना. असं वाटलं का आपल्याजवळचं कोणीतरी उठून गेलं. तवापासून नागपूर येईपर्यंत मी नुसती रडली, बाबा. उलट त्या ताईनंच माहा हात धरला."

  तिनं विचारलं, "असं काहून झालं असंल?" मी म्हणालो, "भेव असते ते." फोन मी ठेवला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.